टेबलावरून उठू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

फ्रान्समधल्या सार्ला गावाजवळच्या त्या रेस्टॉरंटमध्ये पाऊण तास कुणी बिलच आणलं नाही, 'आपण भारतीय म्हणून दुर्लक्ष केलं असेल का?' असं तू विचारलंस. ते वाचून जीव कळवळला. तो अपमान तू मनाला लावून घेतला आहेस, आणि जूनमध्ये आई-बाबा आले की संध्याकाळी गाडीतच सँडविच खाऊन पुढचं गाव गाठायचं ठरवते आहेस. तसं करू नकोस गं.

फ्रान्समध्ये मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. न मागता आणणं म्हणजे पाहुणा जेवत असतानाच त्याच्या चपला समोर आणून ठेवणं. खेड्यातल्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं टेबल बहुधा एकदाच देतात. साडेसातला बसलात की उठेपर्यंत ते तुमचंच. तुसडेपणाही मी तिथे पाहिला आहे, तुमच्या 'बोंस्वार'ला, म्हणजे 'शुभ संध्याकाळ'ला, उत्तर मिळत नाही तिथे तो कळतो. तुझ्या वेटरनं हसून उत्तर दिलं होतं, तूच लिहिलं आहेस. त्यानं तुम्हाला बसू दिलं, एवढंच. मग बसायचं. उठायचं नाही.

तुझं वेळापत्रक पाहून मात्र राग आला. डोम गावाच्या कड्यावरून दॉर्दोन्य नदी वीस मिनिटांत बघायची, बेनाकचा किल्ला खालूनच, आणि रात्री गॅसच्या दिव्यांतलं सार्ला पळत पळत! काय पळवून नेणार आहे कुणी? त्यातली निम्मी गावं खोड आणि एक अख्खी संध्याकाळ जेवणाला दे. तिच्या मागेपुढे काही ठेवू नकोस.

जूनमध्ये तिथे सूर्य मावळायला पावणेदहा होऊन जातात. 1940 साली जर्मन ताब्यात फ्रान्सचं घड्याळ तासभर पुढे गेलं, ते पुढेच राहिलं. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास. म्हणजे त्या भागात घड्याळ सूर्याच्या जवळजवळ दोन तास पुढे. आठ वाजता बाहेर बसलात तरी अंगावर पिवळं ऊन असतं. पानं वाढली जातात, उचलली जातात, मध्ये बराच वेळ काहीच येत नाही. त्या मधल्या वेळेत मोबाइल काढायचा नाही. मुख्य पदार्थाच्या बशा उचलल्या की वेटर धातूच्या छोट्या पट्टीनं टेबलक्लॉथवरचा पावाचा चुरा खरवडून घेतो, सावकाश, एकेका माणसापुढून. मग चीज. त्यानंतर गोड. कॉफी गोडाबरोबर नाही, गोडानंतर. 2010 साली युनेस्कोनं फ्रेंच जेवण वारशाच्या यादीत घेतलं ते एखाद्या पदार्थासाठी नव्हे, असं एकत्र बसण्यासाठी.

आई शाकाहारी आहेत, ते टेबल सांगतानाच फोनवर सांग. तिकडचे लसूण घातलेले खमंग बटाटे बदकाच्या चरबीत परततात, ते निरुपद्रवी समजून मागवशील. गरम बकरीचं चीज ठेवलेला पाव आणि सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं, वर त्या भागातले अक्रोड. पण पारंपरिक चीज बहुधा प्राण्यांच्या रेनेटनं, म्हणजे वासरा-करडांच्या पोटातून काढलेल्या विरजणानं, विरजतात, हे आईंना आधीच सांग, त्या ठरवतील. पाणी नळाचं माग, जग भरून आणून देतात, पैसे पडत नाहीत. टिपेची चिंता नको, सेवा दरातच धरलेली असते.

तू म्हणशील, एका जेवणासाठी एवढं काय? मी तिकडेच तुलूझ शहरात नोकरीला होतो तेव्हा अमेरिकेतल्या क्लायंटची दुपार म्हणजे माझी जेवणाची वेळ. मी टेबलावर फोन घेणार नाही म्हणून सांगितलं आणि शेवटपर्यंत घेतला नाही. माझ्यामागून आलेले वर चढले. वरिष्ठ म्हणाले, याला भूक नाही. होती, त्या खुर्चीची नव्हती. आजही कुणी हिशोब मांडून दाखवला तरी मी तेच करीन. मला हळहळ आहे ती एकच: वडिलांचा पासपोर्ट हातात आला तेव्हा त्यांना प्रवास झेपेनासा झाला होता. चार तास एका माणसासमोर बसून बोलायचं, मध्ये कुणी उठायचं नाही, हे आम्हा दोघांना कधी जमलं नाही, कारण घरी कुणीतरी सतत उठतच असे. तुझे आई-बाबा येताहेत. आणि तू त्यांना गाडीत सँडविच देणार?

बाबा दहा मिनिटांत जेवून 'चला' म्हणतील. ऐकू नकोस. आई बशा गोळा करायला लागतील, हात धर. नदीकाठी गारठतं, दोघांनाही शाल घ्यायला सांग. स्वयंपाकघर नऊ-साडेनऊला ऑर्डर घेणं थांबवतं, म्हणून आठच्या आत पोच. नंतर कितीही बस. रात्री तुलूझला परत गाडी चालवायची नाही, त्याच गावात खोली घे. टेबल बाहेरचं, उघड्यावरचंच माग, आणि सांगितलंस की मला कळव.