ग्लुकॅगॉनचं किट घरी ठेवू का?

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलाला टाइप १ डायबिटीस आहे, इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉनचं, म्हणजे शुगर फार उतरून शुद्ध हरपली तर टोचायच्या इंजेक्शनचं, किट घरी ठेवायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, शुद्ध हरपली तर साखरपाणी पाजा, सुया कशाला? आणि मला भीती की शुगर लो नसतानाच दिलं गेलं तर?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, किट ठेवाच. सासूबाईंचं साखरपाणी बरोबरच आहे, पण पोरगा शुद्धीवर आहे, नीट गिळतोय तोवरच. बेशुद्ध असताना किंवा झटके येत असताना तोंडात काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, तेव्हा चमचा बाजूला ठेवायचा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये १०८ ची गाडी कधी पोचेल ते तुम्हाला मी काय सांगू, त्या वेळेत हेच इंजेक्शन कामी येतं.

ते लिव्हरला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं. साधारण २५ किलोच्या वर वजन असेल तर १ मिलिग्रॅम, त्याखाली अर्धा, पण तुमच्या मुलाचा डोस डॉक्टरांकडून किटवरच लिहून घ्या. पावडरवालं किट असेल तर ऐनवेळीच मिक्स करायचं, आधी करून ठेवायचं नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं आणि लगेच कुशीवर वळवायचं, कारण नंतर उलटी होते, हे बऱ्याच जणांना होतं, घाबरू नका. गाडीला फोन दुसऱ्या कोणाला तरी करू दे. १५ मिनिटांत जाग आली नाही तर वाट बघत बसू नका, हॉस्पिटल गाठा. जाग आली की आधी गोड, मग पोळी-बिस्किट काहीतरी पोटात जाऊ दे, नाहीतर शुगर परत खाली येते.

शुगर लो नसताना दिलं गेलं तर? शुगर काही वेळ वाढेल, मळमळेल, बहुतेक एवढंच. न देण्यात धोका कितीतरी जास्त. फिओक्रोमोसायटोमा किंवा इन्सुलिनोमा या गाठी असतील तर मात्र देत नाहीत, त्या फार क्वचित असतात. किटची एक्स्पायरी बघत जा, आणि शाळेतल्या बाईंनाही दाखवून ठेवा.

प्रश्न : वडिलांना डायबिटीससाठी ग्लिमेपिराइडच्या गोळ्या आहेत, त्यांच्यासाठीही आणू का?
– वाचक, नेरूळ

उत्तर : स्वतःहून नको. या गोळीने उतरलेली शुगर तासन्‌तास परत परत उतरते, ग्लुकॅगॉनने वर आली तरी ॲडमिट करून ग्लुकोज द्यावं लागतं. शिवाय उपाशीपोटी किंवा दारू घेतलेली असेल तर लिव्हरमध्ये साठाच नसतो, मग इंजेक्शन तरी काय करणार! ते जेवण चुकवून गोळी घेतात का, ते आधी बघा.