वाचकांचे प्रश्न : परसातील करंट आणि बेरी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. घरामागे सुमारे पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी उन्हाची जागा आहे. तेथे काळे व तांबडे करंट (घोसात लागणाऱ्या लहान, आंबटसर फळांची झुडपे), रास्पबेरी आणि ब्लूबेरी लावण्याचा विचार आहे. सुरुवात कशी करावी? साताऱ्याला राहणारी माझी बहीणही हीच झुडपे लावू इच्छिते. ती तेथे येतील का?

उत्तर : नोव्हेंबर ते मार्च या काळात, झुडपे सुप्तावस्थेत असताना, उघड्या मुळांची, म्हणजे कुंडी-मातीविना विकली जाणारी रोपे मिळतात. ती स्वस्त असतात आणि चांगली रुजतात. मात्र जमीन गोठलेली किंवा पाण्याने चिंब असताना लावू नयेत. आपल्या जागेत एका लांब कडेला रास्पबेरीची ओळ, प्रत्येक रोपात सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून, आणि दुसऱ्या कडेला दीड-दीड मीटरवर दोन काळी व एक तांबडे करंट एवढेच बसेल. याहून दाटी करण्याचा मोह कृपया टाळावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की काळे आणि तांबडे करंट दिसायला भावंडे असली, तरी त्यांची लागवड आणि छाटणी अगदी वेगळी आहे. काळ्या करंटचे रोप रोपवाटिकेतील मातीच्या खुणेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खोल लावावे, म्हणजे जमिनीखालून नवी फूट येत राहते. आणि लावताच सर्व फांद्या एक-दोन डोळे ठेवून छाटाव्यात. यामुळे पहिल्या उन्हाळ्यात फळ मिळत नाही, परंतु झुडूप पुढे अनेक वर्षे भरघोस राहते. याचे उत्तम फळ आदल्या वर्षीच्या फुटीवर येते. आपल्या द्राक्षबागेत एप्रिल छाटणीनंतर तयार झालेल्या काडीवर ऑक्टोबर छाटणीनंतर घड धरतात, तोच विचार येथे करावा, आणि झुडूप जमल्यावर दर हिवाळ्यात सर्वांत जुन्या, काळपट फांद्यांपैकी साधारण तृतीयांश बुडापासून काढाव्यात. तांबड्या करंटचे फळ मात्र जुन्या लाकडावरील आखूड फुटव्यांवर येते. म्हणून ते खोल न लावता लहानसा मोकळा बुंधा ठेवून वाढवावे, आणि त्याच्या जुन्या फांद्या राखून बाजूच्या फुटी आखूड कराव्यात. एकाची छाटणी दुसऱ्यावर केली, तर फळच कापले जाते.

काळ्या करंटमध्ये ‘बेन सारेक’ ही स्कॉटलंडमध्ये विकसित झालेली, साधारण सव्वा मीटरच राहणारी जात लहान परसाला योग्य आहे. रास्पबेरीत ‘ऑटम ब्लिस’ निवडावी, कारण तिच्या सर्व काड्या फेब्रुवारीत जमिनीलगत कापल्या की काम संपते. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची (पीएच) आम्ल माती लागते. त्यामुळे ती आम्ल मिश्रण भरलेल्या मोठ्या कुंडीत लावावी आणि शक्यतो पावसाचे साठवलेले पाणी द्यावे. फळे रंगू लागताच पक्ष्यांसाठी जाळी घालणे आवश्यक आहे.

साताऱ्याला करंट लावण्याचा सल्ला मी देणार नाही. काळ्या करंटला हिवाळ्यात हजार तासांहून अधिक कडक थंडी मिळाली नाही, तर डोळे नीट फुटत नाहीत, आणि अशी थंडी तेथे पडत नाही. बहिणीने कुंपणाला करवंद आणि आत तुती व फालसा लावावा. फालशाचे फळ नव्या फुटीवर येते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत त्याची भरपूर छाटणी करून शेणखत द्यावे, म्हणजे उन्हाळ्यात फळे मिळतात.