सर्व्हेअर येण्याआधी जुना फिल्टर बॉक्स परत बसवू का?

प्रश्न : मी चिपळूणचा. कारला बाहेरून कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारा पाइप आणि फिल्टर, बसवला आहे. दुकानदाराने फिल्टरवर कापडी कव्हर चढवून ‘आता पावसाळ्याची काळजी नको’ असं सांगितलं. परवा बाजारपेठेत गुडघाभर पाण्यातून जाताना गाडी बंद पडली. दोनदा सेल्फ मारला, इंजिन जाम झालं. मेकॅनिक म्हणतो, विमा कंपनीचा नुकसान पाहणारा सर्व्हेअर यायच्या आत कंपनीचा जुना बॉक्स लावू, कोणाला कळणार नाही. लावू का?

उत्तर : मुळीच नको. आज तुमचं प्रकरण अवघड आहे. बॉक्स बदललात तर ते फसवणुकीचं होईल, आणि मग बाजू खरी असली तरी कोणी ऐकणार नाही. शिवाय कळतंच. नव्या क्लिपा, जुन्या पाइपाचे वळ सर्व्हेअर रोज बघतो. गाडी आहे तशी ठेवा, फोटो काढा आणि सर्व्हेअर समोर असल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका.

आता विमा कंपनी काय म्हणेल ते ऐका. पूर हा पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या विम्यात) धरलेला धोका आहे. पण पाण्यातून गाडी हाकताना किंवा नंतर सेल्फ मारताना इंजिनात पाणी गेलं, तर ते ‘परिणामी नुकसान’, म्हणजे थेट पुराने नव्हे तर नंतरच्या कृतीने झालेलं, म्हणून नाकारण्याची रीत आहे. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन (इंजिनासाठीचं जादा विमा संरक्षण) घेतलंय का, हे आधी पाहा. असेल तर त्याच्या अटी वाचून काढा, कारण निम्मी लढाई तिथेच आहे.

दुसरा आक्षेप इनटेकचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. इनटेकची नोंद आरसीत नसते, त्यामुळे इथे भांडायला जागा आहे. मात्र विमा कंपनीला बदल कळवला नव्हता, हा मुद्दा उरतोच. गाडी चोरीला गेल्याच्या एका प्रकरणात वापराची अट मोडलेली असूनही सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ७५ टक्के रक्कम कायम ठेवली, कारण त्या अटीचा चोरीशी संबंध नव्हता. तुमच्या गाडीत पाणी शिरलं ते बंपरमागे खाली उतरलेल्या त्याच फिल्टरमधून. म्हणून या निकालावर फार विसंबू नका. पाणी एवढं होतं की कंपनीचा बॉक्स असता तरी गाडी बुडालीच असती, असं दाखवता आलं तर बाजू बळकट होईल. पाण्याच्या खुणांचे फोटो, शेजारच्या गाड्यांचं नुकसान, तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, सगळं गोळा करा.

सेल्फ मारल्याचं लपवू नका. क्लेम फॉर्ममध्ये घडलं तेच लिहा.

दुकानदारालाही सोडू नका. ते कव्हर उडणारे थेंब अडवतं; फिल्टर पाण्यात बुडाला की इंजिन कापडातूनही पाणी ओढून घेतं. ‘काळजी नको’ हे त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर तो मेसेज जपा. पक्कं बिल नसेल तर आजच मागा.

क्लेम नाकारला तर नकार लेखी घ्या, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, हे वकील असून सांगतो. दुकानदाराविरुद्धची तक्रार मात्र रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत.