'स्टील गिटार'मधलं स्टील कुठलं?

प्रश्न असा आहे : अमेरिकन कंट्री गायक हँक विल्यम्सच्या जुन्या गाण्यांवर मराठीत लिहिताना 'स्टील गिटार'ला 'पोलादी तारांची गिटार' म्हटलं तर चालेल का? आणि 'पेडल स्टील' हे त्याच वाद्याचं दुसरं नाव का?

पोलादी तारांची गिटार मुळीच म्हणू नये. पोलादी तारा साध्या गिटारीलाही असतात, त्यामुळे वाचकापुढे भलतंच वाद्य उभं राहतं. इथलं स्टील तारांचं नाही, वाद्याच्या अंगाचंही नाही. ते वादकाच्या डाव्या हातात असतं. गिटार आडवी ठेवायची, तारा पट्टीपासून उचललेल्या, आणि बोटांनी दाबण्याऐवजी धातूची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवायची. विचित्र वीणा पाहिलेल्यांनी तिचा बट्टा आठवावा. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली आणि तिचं श्रेय बहुधा जोसेफ केकुकूला दिलं जातं. आपल्याकडचं 'हवाईयन गिटार' हे नाव तिथूनच आलं. हिंदी चित्रपटगीतांच्या धून वाजवलेल्या व्हॅन शिप्लीच्या रेकॉर्डी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांच्या कानाला हे कूळ परकं नाही.

अमेरिकेत १९३०च्या दशकात या वाद्याला वीज मिळाली आणि दारूच्या अड्ड्यांतल्या गोंगाटातही ते ऐकू जाऊ लागलं. त्या अड्ड्यांना म्हणायचं हाँकी-टाँक. तिथल्या गाण्यालाही तेच नाव पडलं. रेकॉर्डवरच्या वादकांच्या यादीत पुढे 'गिटार' गळून नुसतं 'स्टील' उरलं. वादकही 'मी स्टील वाजवतो' एवढंच सांगतात.

आता हँक विल्यम्स. त्याच्या बहुतेक गाजलेल्या रेकॉर्डींवर स्टील आहे डॉन हेल्म्सचं. 'युअर चीटिन हार्ट' सप्टेंबर १९५२मध्ये नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीत, रेकॉर्ड झालं. हँकचं ते शेवटचं सत्र. सुरुवातीलाच जो टोकदार, रडवा सूर कानावर येतो तो हेल्म्सचा. हँक मधल्या सप्तकात गातो आणि स्टील त्याच्या वर, जवळजवळ टिपेला. म्हणून दोघे एकमेकांच्या पायात येत नाहीत. माझ्या मते हँकच्या गाण्यांतलं निम्मं दुःख या सुराचं आहे. हेल्म्सकडे गिब्सनचं आठ-आठ तारांच्या दोन पट्ट्यांचं वाद्य होतं, आणि त्याला पायाने दाबायचं एकही पेडल नव्हतं! त्यामुळे हँकच्या गाण्याबद्दल 'पेडल स्टीलचे हळवे सूर' असं लिहिणं सरळ चूक आहे. 'लव्हसिक ब्लूज'वर आणि 'आय अ‍ॅम सो लोन्सम आय कुड क्राय'वर हेल्म्स नाही, जेरी बर्ड आहे. पण पेडल त्याच्याकडेही नव्हतं.

फरक कानांनी कळतो. कांडी सरळ धरली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकत्रच वर-खाली होतात. स्वरांमधलं अंतर बदलायचं तर कांडी तिरकी करावी लागते, आणि तिरकं करण्यालाही मर्यादा आहे. पेडल दाबलं की ठरावीक तारच ताणली जाते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. आज नॅशव्हिलमध्ये रूढ असलेल्या दहा तारांच्या जुळणीत (तारा सुरात लावण्याच्या पद्धतीत) पहिली दोन पेडलं एकदम दाबली, तर कांडी न हलवता ई मेजर कॉर्डचा ए मेजर होतो. एक स्वर स्थिर आणि दोन त्याच्या अंगावरून वर सरकताहेत, अशी ही मींड. एका गळ्यातून ती निघणं शक्यच नाही.

पेडल असलेली वाद्यं आधीही होती. पण तार वाजत असतानाच पेडल दाबून तो सरकता सूर लोकांच्या कानावर घातला बड आयझॅक्सने, गायक वेब पियर्सच्या 'स्लोली' या १९५४ सालच्या गाजलेल्या गाण्यात. त्यानंतर देशभरचे स्टीलवादक आपापल्या वाद्याला पेडलं जोडून घेण्यामागे लागले. बडी एमन्सने वाद्याची रचना आणि जुळणी दोन्ही पुढे नेली. गायक रे प्राइसच्या 'नाइट लाइफ'ची १९६३ सालची सुरुवात ऐका, ते स्टील एमन्सचंच. कॅलिफोर्नियात राल्फ मूनीचा बाज अगदी वेगळा, तुटक आणि खणखणीत. गायक मर्ल हॅगर्डच्या 'द बॉटल लेट मी डाउन'वर तो आहे, आणि 'क्रेझी आर्म्स' हे गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकीही एक तोच.

तेव्हा लिहिताना 'स्टील गिटार' हाच शब्द ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'कांडी सरकवून वाजवायची आडवी गिटार' एवढं जोडलं की पुरे. 'पेडल स्टील' मात्र पेडल असेल तिथेच म्हणा. साल पाहून ठरवायला जाल तर फसाल : १९५४नंतरही सगळ्यांनी पेडल घेतलं नाही. जेरी बर्ड अखेरपर्यंत पेडलाविनाच वाजवत राहिला आणि पुढे हवाईत जाऊन तिथल्या मुलांना हेच वाद्य शिकवू लागला.