शब्दचर्चा : वणवा, जाळणी, जळीत आणि नकाशाची सूची

प्रश्न असा आहे : "ब्रिस्बेन महापालिका शहरातल्या रानांमध्ये झालेल्या 'प्लॅन्ड बर्न' (साठलेलं जळण कमी व्हावं म्हणून ठरवून लावलेली आग) आणि 'वाइल्डफायर' यांची नकाशा-विदा (डेटा) सर्वांना खुली ठेवते. तिथल्या मराठी कुटुंबांसाठी त्यावरून मराठी नकाशा करायचा आहे. भाषांतरयंत्र 'नियोजित जाळपोळ' आणि 'जंगली आग' असे शब्द देतं, 'बुशलँड'ला 'झुडपी जमीन' म्हणतं. नकाशाच्या सूचीत, म्हणजे रंगखुणांचा अर्थ सांगणाऱ्या यादीत, नेमकं काय लिहावं?"

'नियोजित जाळपोळ' आधी खोडा. मराठीत जाळपोळ होते ती दंगलीत; बस, दुकानं, टायर यांची. त्यातून ती 'नियोजित' असेल तर वाचणाऱ्याच्या मनात थेट कटाचा गुन्हा उभा राहतो. 'पूर्वनियोजित'चं तर विचारूच नका, हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी कट, हल्ला आणि खून यांना कायमचा देऊन टाकला आहे. महापालिकेनं आपल्याच रानात नियोजित जाळपोळ केली, असं वाचल्यावर ब्रिस्बेनमधल्या आजोबांनी खिडकी लावून घेतली तर त्यांची चूक नाही.

'वाइल्डफायर'ला मात्र फार शोधाशोध नको. वणवा हा शब्द तयार आहे आणि तो इंग्रजी शब्दापेक्षाही नेमका बसतो. 'जंगली आग' हिंदीच्या वळणाची आहे, आणि मराठीत जंगली असतं ते जनावर किंवा माणसाचं वागणं. संस्कृतात दव किंवा दाव म्हणजे रानातली आग, दावानल त्यातूनच आला. वणव्यातही वन आहेच. म्हणून सरकारी कागदांतला 'वनवणवा' हा पिवळ्या पीतांबरासारखा प्रकार झाला. नकाशा रानाचाच असताना तो टाळावा.

वणवा नेमका कसा बसतो, ते क्रियापदांवरून कळतं. मराठीत वणवा लागतो, पेटतो, आणि लावलाही जातो. म्हणजे आग विजेनं लागली, कुणाच्या विडीनं लागली की चांगलं गवत यावं म्हणून कुणी मुद्दाम लावली, याची पर्वा हा शब्द करत नाही. सह्याद्रीतले बहुतेक वणवे माणसाच्याच हातचे, तरी आपण त्यांना वणवेच म्हणतो. ऑस्ट्रेलियातल्या नोंदींतही 'वाइल्डफायर' याच अर्थानं येतो : रान सांभाळणाऱ्यांनी आखलेली नव्हती अशी कोणतीही आग. तिथल्या बोलण्यात 'बुशफायर' जास्त ऐकू येतो. नोंदीत जाळणीपासून वेगळं दाखवायचं असलं की 'वाइल्डफायर' लिहितात. मराठीत दोन्हींना वणवा पुरतो. 'नैसर्गिक आग' मात्र लिहू नका. तो शब्द कारणाबद्दल बोलतो, आणि नोंद हेतूबद्दल आहे.

आता 'प्लॅन्ड बर्न'. दहन म्हटलं की होळी, रावण नाहीतर स्मशान. ज्वलन रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं. भाजणी हा मोठा मोह आहे. कोकणात भाजावळ होते, राब भाजतात. पण तिथे शेण, कवळं (झाडांच्या तोडलेल्या पाल्याच्या डहाळ्या), पालापाचोळा असं गोळा करून आणलेलं साहित्य भाताच्या रोपांच्या वाफ्यावर पसरून जाळतात. उभं रान जाळत नाहीत. शिवाय नुसतं भाजणी म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला थालीपीठ आठवतं. रान तोडून, जाळून नाचणी-वरी घेण्याच्या पद्धतीला दळी, कुमरी असे शब्द होते, पण त्यात हेतू पिकाचा.

माझं मत 'जाळणी'ला. पेरणी, लावणी, कापणी, मळणी या रांगेत तो शब्द आपोआप बसतो. हंगाम बघून, माणसं लावून, ठरवून करायचं काम हा अर्थ त्या 'णी'मध्येच आहे. वणवा लागतो, जाळणी करतात. सूचीत 'नियोजित जाळणी' लिहा. 'नियोजित' तसं थोडं जास्तीचं आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला आधार होतो. व्याकरणाचा एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. 'जाळण्याचा दिनांक' लिहिलंत तर ते 'जाळणे'चं सामान्यरूप होतं. एकवचनी 'जाळणीचा दिनांक', अनेकवचनी 'जाळण्यांची यादी', हे काटेकोर पाळा. अनुस्वार पडला की अर्थ हलतो.

'नियंत्रित' का नको, असं बरेच जण विचारतील, कारण मराठी बातम्यांत 'नियंत्रित आग' येतं. नियोजित म्हणजे आधी ठरवलेली. नियंत्रित म्हणजे ताब्यात राहिलेली. पहिलं काडी ओढण्याआधी खरं असतं, दुसरं सगळं विझल्यावरच सांगता येतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात मार्गारेट रिव्हरजवळ नोव्हेंबर २०११ मध्ये ठरवून केलेली जाळणी हाताबाहेर गेली आणि डझनावारी घरं जळाली. नियोजित ती होतीच. अशी आग हद्दीबाहेर गेली की आतला भाग जाळणी आणि बाहेरचा वणवा, अशा दोन नोंदी होऊ शकतात. नकाशावर एकमेकांना चिकटलेली, लागोपाठच्या तारखांची दोन वेगळ्या रंगांची क्षेत्रं दिसली तर आधी ही शंका घ्या; ती विदेतली चूक असेलच असं नाही.

जाळणी ताब्यात राहावी म्हणून काय करतात हे माहीत असलं की शब्द निवडणं सोपं जातं. आधी गट, म्हणजे जाळायच्या जमिनीचा तुकडा, ठरतो, त्याच्या कडा वाट, ओढा किंवा साफ केलेल्या पट्ट्यानं बांधून घेतात. वारा, हवेतला दमटपणा आणि पाचोळ्याची ओल बघून एका कोपऱ्यात छोटा जाळ करून पाहतात. मग वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूची कड आधी जाळून काळी करतात, आणि आग वाऱ्याविरुद्ध, चढावर असेल तर माथ्याकडून खाली, सावकाश सरकू देतात. ढोबळ नियम असा की चढ दर १० अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. २० अंशांच्या उतारावर खालून पेटवलं तर चौपट. कमी तीव्रतेची जाळणी म्हणजे आगीच्या आघाडीच्या दर मीटरला ५०० किलोवॉटच्या आत, ज्वाळा साधारण कमरेपर्यंत किंवा थोड्या वर, शेंडे हिरवेच. आपल्याकडे सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, ते होऊ नये यासाठी हा खटाटोप. बिघडतं ते बरेचदा शेवटी. पोकळ ओंडका आत धुमसत राहतो, चार दिवसांनी वारा सुटतो आणि ठिणगी काळ्या कडेपलीकडे पडते. म्हणून 'मॉप-अप'ला 'सफाई' म्हणू नका, 'निखारे विझवणं' म्हणा.

इथेच 'फायरब्रेक'चा, म्हणजे आग अडवायच्या पट्ट्याचा, प्रश्न येतो. आपल्या वनखात्याचा जाळरेषा हा शब्द सुंदर आहे, पण तो शब्दशः खरा आहे : गवत कापून, वाळवून, त्या पट्ट्यातच जाळायचं, म्हणजे पुढे वणव्याला खायला काही उरत नाही. ब्रिस्बेनच्या रानांतले पट्टे बरेचदा यंत्रानं मोकळे केलेले, गाडी जाईल असे रस्तेच असतात. त्यांना जाळरेषा म्हटलं तर तिथे जाळलं असं वाटेल. 'मोकळा पट्टा' किंवा 'अग्निशमन वाट' लिहा, आणि जाळरेषा खरी जाळलेली असेल तिथेच ठेवा.

'फ्युएल' म्हणजे इंधन असं कोश सांगतो. पण इंधन पंपावर मिळतं. रानात पडतं ते जळण. ऑस्ट्रेलियात ६ मिलिमीटरपेक्षा बारीक मेलेला पाला, साल, काटक्या यांना बारीक जळण धरतात आणि हेक्टरी किती टन ते मोजतात, कारण आगीची आघाडी पुढे नेतं ते हेच. 'बारीक जळण, हेक्टरी टन' एवढं पुरे. निलगिरीची सुटणारी साल आणि घाणेरीची जाळी आग जमिनीवरून शेंड्याकडे चढवतात. ही घाणेरी म्हणजे आपलीच टणटणी. ब्रिस्बेनच्या रानांनाही ती तितकीच डोकेदुखी आहे.

'बुशलँड'ला 'झुडपी' लावू नका, याला दोन कारणं आहेत. एक तर 'बुश' इथे झुडूप नाही. ब्रिस्बेनमधल्या माउंट कूट-था, करावाथा, टूही फॉरेस्ट इथे उंच निलगिरीवर्गीय झाडं आहेत. दुसरं, 'झुडपी जंगल' ही विदर्भाच्या महसुली नोंदींतली जमिनीची कायदेशीर वर्गवारी आहे, आणि तिच्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेला आहे. 'नगरवन'ही नको, ते केंद्र सरकारच्या योजनेचं नाव झालं. साधा 'रान' घ्या. पश्चिम महाराष्ट्रात रान म्हणजे शेतही होतं हे खरं, म्हणून सूचीत एकदाच 'शहरातलं राखीव रान' लिहा आणि पुढे 'रान' चालवा. माळरान, गायरान ओळखीचे असल्यानं कुणी अडखळणार नाही.

टर्रबल आणि यगेरा या ब्रिस्बेन परिसराच्या मूळ रहिवाशांच्या जाळण्यांना 'पारंपरिक जाळणी' म्हणावं. छोट्या तुकड्यांत, थंड आणि सावकाश जाळण्याची ती रीत आहे. 'आदिवासी जाळणी' नको, ते कुणाला जाळल्यासारखं ऐकू येतं.

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द, ज्याबद्दल विचारलंच नाही : नकाशावर जे रंगीत क्षेत्र दिसतं त्याला काय म्हणायचं? सरसकट 'जळीत क्षेत्र' लिहिण्याची घाई करू नका. वणव्याचं क्षेत्र आग विझल्यावर तिच्या कडेनं आखतात, ते जळीत. जाळणीचं क्षेत्र पुष्कळदा आधी ठरवलेल्या गटाची हद्दच असते. आत ओल्या घळी आणि हिरवे तुकडे तसेच राहतात. ते राहावेत अशीच इच्छा असते. म्हणून जाळणीसाठी 'जाळणीचा गट' आणि वणव्यासाठी 'जळीत'. दोन्हींच्या क्षेत्रफळांची बेरीज करून 'एवढे हेक्टर जळाले' असं छापलं तर आकडा फुगतो. शिवाय एकच जागा वेगवेगळ्या वर्षी जळाली असेल तर क्षेत्रं एकमेकांवर पडतात. 'किती जमीन एकदा तरी जळाली' हे हवं असेल तर ती आधी एकत्र विलीन करा. 'किती वेळा' हवं असेल तर विलीन करू नका, थरावर थर मोजा. हा दुसरा आकडाच रानाच्या दृष्टीनं मोलाचा आहे : फक्त बियांतून उगवणारी झुडपं बी धरायच्या आत दुसऱ्यांदा जळाली तर त्या जागेवरून जातात. दोन आगींमधल्या वर्षांना 'जळीतांतर' वगैरे घडवू नका. 'मागची आग किती वर्षांपूर्वी' हे सातवीतल्या मुलालाही कळतं.

क्षेत्रफळ मोजताना आणखी एक फसगत. वेबवरच्या नकाशांचं नेहमीचं मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट करून दाखवायची एक रीत) ब्रिस्बेनच्या २७.५ अंश अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढवून दाखवतं. खरे १० हेक्टर तिथे १२.७ भरतात. (पुण्यात हीच चूक ११ टक्के.) मोजायच्या आधी थर एमजीए (ऑस्ट्रेलियाची मीटरमध्ये मोजणारी नकाशा-चौकट) झोन ५६ मध्ये घ्या. जुना थर जीडीए ९४ मध्ये आणि नवा जीडीए २०२० मध्ये (तिथल्या अक्षांश-रेखांशांच्या जुन्या-नव्या संदर्भचौकटी) असेल तर दोघांत सुमारे १.८ मीटरचा फरक दिसेल. ऑस्ट्रेलियाचं भूपट्ट वर्षाला ७ सेंटिमीटर सरकतं त्याचा हा हिशेब. वणव्याच्या कडेला त्यानं फरक पडत नाही, पण कुंपणाला लागून असलेली जाळणी शेजाऱ्याच्या अंगणात गेलेली दिसू शकते.

उपग्रहानं टिपलेल्या उष्ण जागांचे ठिपके याच थरात मिसळायचे असतील तर त्यांना वणवा म्हणू नका. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटर चौरसाचा, म्हणजे १४ हेक्टर जमिनीचा प्रतिनिधी. एका मोठ्या आगीचे वीस ठिपके पडतात आणि झाडांच्या छत्राखालची थंड जाळणी बरेचदा एकही ठिपका देत नाही. 'उष्णबिंदू' लिहा. आपल्याकडे अशा बिंदूंची मोजदाद 'आगीच्या इतक्या घटना' म्हणून छापून येते, ती चूक तिकडे नेऊ नये.

ऋतूंची नावं तर टाळाच. 'उन्हाळी वणवे' म्हटलं की मराठी वाचक एप्रिल-मे धरतो आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला माणूस जानेवारी. ब्रिस्बेनला पाऊस डिसेंबर-फेब्रुवारीत, त्यामुळे वणव्यांचा जोर त्याआधी, साधारण ऑगस्टपासून, आपल्यासारखाच पावसाच्या तोंडावर. जाळण्या मुख्यतः त्याआधीच्या थंड महिन्यांत. महिने लिहा. वर्षवार बेरीज करतानाही हेच बघा : तिथलं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून ब्रिस्बेनचा वणव्यांचा हंगाम त्यात अखंड राहतो. महाराष्ट्राचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, आणि आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला त्याचे दोन तुकडे करतं. दोन्हीकडची तुलना करायचा मोह झालाच तर आकडे कोणत्या वर्षाचे, ते आधी विचारा.

'ओपन डेटा'ला खुली विदा म्हणा, मुक्त नको. मुक्त म्हणजे अटच नाही असं वाटतं, आणि अट असते. ब्रिस्बेनची बरीच खुली विदा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली असते. तेव्हा नकाशाच्या तळाशी महापालिकेचं नाव, परवान्याचं नाव आणि विदा उतरवून घेतल्याची तारीख द्या, आणि बदल केल्याचं सांगा. 'प्लॅन्ड बर्न'चं 'नियोजित जाळणी' केलंत, हाही बदलच.