आडनावाचं राहू दे, त्या फोनचं बोल

पत्र : ताई, मी एकोणतीस वर्षांची. बाबा आमदार आहेत, मधे काही काळ राज्यमंत्रीही होते. मी दोन वर्षं एका वृत्तवाहिनीवर सकाळच्या बातम्या वाचल्या, मग मालिकांचे संवाद लिहायला लागले. सध्याच्या मालिकेचे संवाद मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठी असलेली एक लेखिका, अशा दोघी एपिसोड वाटून घेऊन लिहितो. गणपतीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. ग्रुपवर माझ्या सीनला नुसता अंगठा. सेटवर ‘साहेबांच्या लेकीचा एपिसोड’ म्हणतात, मला ऐकू येतं. ताई, मी दोन ट्रायल एपिसोड लिहून हे काम मिळवलं. बाबांनी कुणाकडे शब्द टाकलेला नाही. फक्त एकदा पैसे अडकले होते तेव्हा बाबांच्या ऑफिसातल्या काकांनी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी जमा झाले, बाकी कधीच काही नाही. आता माझा पहिला कथासंग्रह तयार आहे. प्रकाशकाकडे कुठल्या नावानं पाठवू? आडनाव गाळून आईचं नाव लावावं असं फार वाटतं. कृपया माझं नाव छापू नका.

उत्तर : नाही छापत. चार पानांत तीनदा बजावलंयस, कळलं मला.

पण बाई, त्या चार पानांतली साडेतीन आडनावावर आहेत आणि फोनवर एक अर्धं वाक्य. ‘फक्त एकदा’नं सुरू होतं आणि ‘बाकी कधीच काही नाही’वर संपतं. मी तुझं पत्र वाचताना तिथंच अडकले आणि पुढचं मग मला नीट वाचवेना.

तो फोन कसा झाला असेल, मला सांगता येईल. ‘नमस्कार, साहेबांच्या ऑफिसमधून बोलतोय.’ मग थोडा वेळ काहीच नाही. समोरच्याला खुर्चीत सरळ बसायला जेवढा लागतो, तेवढा वेळ. मग, ‘आपल्या ताईंचं काहीतरी पेंडिंग आहे म्हणे. जरा बघता का?’ आवाज चढलेला नाही, धमकी नाही, विनंतीसुद्धा धड नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज, दहा टक्के टीडीएस कापून. तुला बरं वाटलं असणार. तीन महिने रखडलेले पैसे आले की कुणालाही वाटतं.

तू म्हणशील, ताई, माझ्या हक्काचेच होते. होतेच की! पण तुझ्याबरोबर निम्मे एपिसोड लिहिणारी जी आहे, तिचे हक्काचे नव्हते का? तिचे आले का? तू पत्रात लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज, तू तिला विचारलंच नाहीस.

या धंद्यात पैसे कसे फिरतात ते तुला ठाऊक आहे, पण वाचकांसाठी सांगते. मालिकेच्या लेखकाला पगार नसतो. एपिसोडमागे ठरलेली रक्कम असते, आणि तीही बहुतेक ठिकाणी एपिसोड दाखवल्यानंतर नव्वद दिवसांनी. म्हणजे जूनमध्ये रात्री अकराला फोन येतो, ‘सकाळी नऊची शिफ्ट आहे, नटाला ताप आलाय, त्याचे तिन्ही सीन आत्याबाईंवर टाक’. तेव्हा तू पहाटे तीनपर्यंत जे टाकतेस, त्याचे पैसे सप्टेंबर संपताना. तेसुद्धा सरळ गेलं तर. दर गुरुवारी टीआरपी येतो, त्यावर ट्रॅक बदलतो, कधी लेखकही बदलतो, पण नव्वद दिवस बदलत नाहीत. ते उलटले की अकाउंट्सवाल्याचं ठरलेलं उत्तर, ‘चॅनेलकडूनच आले नाहीत, मॅडम.’ या उत्तरावर अनेकींनी भाडं थकवलंय, मंगळसूत्रं गहाण टाकलीयत.

तुझे दुसऱ्या दिवशी आले. म्हणजे पैसे होते.

आणि महिनाअखेरीला निर्मात्याकडे एकच डबा असतो. त्यातून आधी काय निघायचं ते कोण किती छळतं यावर ठरतं. स्टुडिओचं भाडं, जनरेटरवाला, कॅमेऱ्याचा माल, मग नट, आणि लेखक कायम शेवटच्या ओळीत. त्या शेवटच्या ओळीत तुम्ही दोघी उभ्या होतात. तू एका फोननं पुढे गेलीस. ती तिथंच आहे, कदाचित एक पाऊल मागेही गेली असेल. हे तिला कळलं कसं असा प्रश्न पडला असेल तर तू अजून या क्षेत्रात नवीनच आहेस. अकाउंट्समध्ये बसणारा पोरगा चहा प्यायला कुठं जातो? सगळे जिथं जातात तिथंच.

पैसे कधी आले ते तू लिहिलेलं नाहीस. अबोला मात्र गणपतीपासून, हे लिहिलंयस. दोन्ही तारखा तूच जुळवून बघ.

आता आडनाव. विचारलंयस म्हणून सांगते. इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार नयनतारा सहगल यांची आई विजयालक्ष्मी पंडित, मामा जवाहरलाल नेहरू. वडील रणजित पंडित मराठी घराण्यातले, संस्कृतचे जाणकार, ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत नेली त्यांनी. तुरुंगवासानं तब्येत ढासळून 1944 मध्ये गेले. बाई लग्नानंतरचं आडनाव लावत, पण कुणाची भाची ते सगळ्या देशाला माहीत होतं. त्यांनी ते कधी झाकलं नाही आणि आणीबाणीत सख्ख्या मामेबहिणीविरुद्ध उघड बोलल्या. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं आणि मग निमंत्रण मागे घेतलं. एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या तेव्हा. (उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. आमच्या मराठीवाल्यांना त्या वर्षी जी शरम वाटायला हवी होती ती थोडीफार त्या बाईंनी झाकली.) सहगलबाईंचं न झालेलं भाषण मात्र घराघरांत वाचलं गेलं. एवढं मोठं घराणं, पण त्या भाषणात घराण्याचा फोन कामाला आलेला नाही. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

आईचं नाव लाव, खुशाल लाव. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या पोरांच्या महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांवर आता आईचं नाव घालावंच लागतं, तूही घातलंस तर काय बिघडलं. पण आईचं नाव लावून तू ज्या गोष्टीपासून लांब पळतेयस ती आडनावात नाही. ती बाबांच्या ऑफिसातल्या टेबलावर आहे, तिला रिसीव्हर आहे, आणि ती उचलणाऱ्या काकांना मानधन सरकारी तिजोरीतून मिळतं. मतदारसंघातल्या कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाच्या विहिरीचं अनुदान, यासाठी आहेत ना गं ते तिथं?

रागावलेय असं वाटतंय ना? थोडी आहेच. तुझ्या पत्रात आजीचं एक वाक्य आहे, मी ते इथं छापत नाही, ते तुझ्या कथेतलं आहे आणि तिथंच राहू दे. पण ते वाक्य जिला ऐकू आलं ती मुलगी लिहिणारी आहे याबद्दल मला शंका नाही. पत्र सुरू केलं तेव्हा आणखी एक लाडावलेली लेक असेल असं समजून बसले होते, तिथं चुकले. म्हणून तर एवढं बोलतेय. ज्या बाईचे कान इतके तिखट, तिला शेजारच्या खुर्चीतला अबोला ‘आडनावामुळे’ वाटतो?

तर आता एवढंच कर. तिला भेट. ग्रुपवर नको, फोनवर तर अजिबात नको. सेटवरही नको, तिथं भिंतींना कान नाहीत, सरळ माईकच लावलेत. ती ज्या स्टेशनवर उतरते त्या स्टेशनबाहेर भेट आणि सांग, ‘माझे पैसे बाबांच्या ऑफिसच्या फोननं आले. तुझे आले का, हे मी विचारलं नाही.’ माफी लांबवू नकोस. ‘मला माहीतच नव्हतं’ हे तर म्हणूच नकोस, ती संवाद लिहिणारी आहे, खोटी ओळ तिला पहिल्या शब्दाला कळते.

मग तिला सांग की तू तिची साक्षीदार आहेस. अंधेरीत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, सभासदांचे थकलेले पैसे, हिसकावलेलं श्रेय, असली भांडणं ऐकायला तिथं वाद-निवारण समिती आहे. ती सभासद असेलच, तू नसशील तर आधी हो. तिनं तक्रार केली की निर्माता तेच म्हणणार, चॅनेलकडून आले नाहीत. तेव्हा त्याच मालिकेच्या, त्याच महिन्याच्या, त्याच कामाचे पैसे तुला कुठल्या तारखेला मिळाले हे दाखवणारा कागद तिच्या फाईलला हवा. तो फक्त तुझ्याकडे आहे.

हो, मग निर्माता चिडेल. पुढच्या मालिकेत तुला घेणार नाही, असंही होईल. बाबा म्हणतील, मला न विचारता हे काय चालवलंयस. काकांना वाईट वाटेल, त्यांनी तर मायेनंच केलं होतं. सगळं होईल, आणि या वेळी कुणाला फोन करायचा नाहीये.

कथासंग्रह महिनाभर थांबू दे, त्याला घाई नाही. आधी बँकेत जा आणि त्या महिन्याचं स्टेटमेंट छापून घे. मोबाईलची स्क्रीन पुढे करू नकोस तिच्या. कागद दे, घरी घेऊन जाऊ दे तिला.