चौथ्या पानावर अडलेली कथा

प्रश्न : दोन वर्षांत सात कथा सुरू केल्या, एकही पुरी झाली नाही. तिसऱ्या-चौथ्या पानावर सगळंच भिकार वाटायला लागतं. घरचे 'छान आहे' म्हणतात, पण पटत नाही. मला लिहिता येतं की नाही, हे ओळखू कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घरच्यांचं पटत नाही यात नवल नाही. 'कशी वाटली?' या प्रश्नाला आपल्याकडे 'छान' एवढंच उत्तर असतं. म्हणून प्रश्नच बदला. 'वाचताना मोबाइल कुठे हातात घेतलास?' असं विचारा आणि दोन दिवसांनी 'काय आठवतंय?' एवढंच.

आता चौथं पान. रोज बसल्यावर तुम्ही पहिल्यापासून वाचत असणार. त्यामुळे पहिलं पान दहादा घासून लखलखीत होतं, चौथं कच्चंच राहतं आणि त्या दोघांची तुलना होते. तिथे कच्चं पान हरणारच. उद्यापासून फक्त शेवटचे दोन परिच्छेद वाचा आणि पुढे लिहा. खटकलं तिथे समासात फुली मारा, दुरुस्त करू नका. उठताना पुढचं वाक्य अर्धवट ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

बलस्थानं शोधायला तीन जुने मजकूर कागदावर छापून घ्या, अपुरे असले तरी चालतील. किमान तीन आठवडे त्यांना हात लावू नका. त्याच दिवशी वाचलं तर डोक्यातलं दिसतं, कागदावरचं नाही. मग मोठ्याने वाचा. काढून टाकायला जीव होणार नाही त्या ओळीखाली हिरवी रेघ, जीभ घाईने पुढे पळते तिथे लाल. समजा, 'त्याच्या मनात विचारांचे काहूर माजले' याखाली लाल आली आणि 'आलास? मला वाटलं, आता तेराव्यालाच येशील' याखाली हिरवी. अशा हिरव्या ओळी वेगळ्या वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे एकेक शब्द लिहा : संवाद, जागा, विनोद, माणसाची लकब. वीसेक ओळी झाल्या की एक शब्द पुन्हा पुन्हा दिसतो. संवाद निघाला, तर पुढची कथा निसर्गवर्णनाने सुरू करण्याचा हट्ट सोडा, थेट दोन माणसं बोलताना दाखवा. ओळी वीसपेक्षा कमी भरल्या तर आणखी दोन मजकूर घ्या. एवढ्याशा नमुन्यावर निकाल लावू नये.

प्रश्न : कथा दोन दिवाळी अंकांकडून 'साभार परत' आली. फाडून टाकू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फाडू नका. कधी पाठवली होती? दिवाळी अंकांचा बराच मजकूर पावसाळ्यातच ठरतो. सप्टेंबरात पोचलेली कथा चांगली असूनही मागे राहते. शब्दमर्यादा पाहिली होती का? साडेसहा हजार शब्दांना जागा करणं संपादकाला जड जातं. फाइल युनिकोडमध्ये होती ना? जुन्या फॉन्टमधली कथा दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडते. एक वही ठेवा : कथा, अंक, तारीख, शब्द, उत्तर. एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा. तीन परती झाल्या की हिरवी-लाल तपासणी करा, त्याआधी शेवट बदलत बसू नका. एका नकारावर बदललेला शेवट बहुधा घाबरलेला असतो.

प्रश्न : घरी लेवा गणबोली बोलतो. प्रमाण मराठीत लिहिताना हात आखडतो, शुद्धलेखनाचीही भीती वाटते. (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : बहिणाबाई तुमच्याच मुलखातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवलेल्या त्यांच्या ओव्या-गाणी त्यांच्या निधनानंतर 1952 साली पुस्तकरूपात आली. ऱ्हस्व-दीर्घ दुसरा कोणी तासाभरात नीट करून देईल, तुमच्या कानात असलेला बोलीचा हेल मात्र देऊ शकणार नाही. निवेदन प्रमाण भाषेत, संवाद बोलीत, अशी सुरुवात करा. बोलीतल्या शब्दांपुढे कंसात अर्थ देऊ नका. संदर्भातून कळेल असं वाक्य लिहा. एक शब्द एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर मुद्रितशोधक त्याला चूक समजून 'दुरुस्त' करतो. कथेसोबत एका चिठ्ठीवर अशा शब्दांची यादी जोडा : हे असेच छापावेत.